कापण्याआधीचे मोजमाप

मी काही लेखक नाही. सणसवाडीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा कामगार आहे आणि राहायला शिक्रापुरात आहे. आजारपणाविषयी आपल्याकडे लिहितात त्या बहुतेक भगिनीच. पुरुष मंडळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तंबाखू मळत उभी राहतात आणि घरी आल्यावर "सगळं बरं आहे" एवढेच सांगतात. मीही तसलाच होतो. पण माझ्या पत्नीच्या आजारपणात मी एक अशी चूक करता करता वाचलो, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पत्नी शिक्रापूरच्या चौकात हातगाडीवर पालेभाजी विकते. पहाटे तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन माल आणायचा, जुड्या बांधायच्या आणि पुणे-नगर रस्त्याच्या गोंगाटात हाळी द्यायची. तिची हाळी चाकण फाट्यापर्यंत ऐकू जाते असे लोक चेष्टेने म्हणायचे. आमच्या घरात माझ्या पगाराने घरभाडे आणि मुलांच्या फिया निघतात, पण रोजची चूल तिच्या आवाजावर पेटते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

२०१७ च्या दिवाळीनंतर पुतणीचे लग्न झाले. फोटो आले तेव्हा आमची मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या गळ्यावर हे काय आहे?" कंठमण्याच्या खाली, थोडे डावीकडे, सुपारीएवढे काहीतरी वर आलेले. घोट गिळला की ते वर सरके आणि परत खाली येई. दुखत नव्हते, म्हणून कुणी लक्ष दिले नव्हते. दुखत नाही ते आजारपण नाही, असा आपल्याकडे कायदाच आहे.

जवळच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. टी-३, टी-४, टीएसएच. तिन्ही आकडे चौकटीत बसले. डॉक्टर म्हणाले, "थायरॉइड नॉर्मल आहे." आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पुढे कळले ते इथेच सांगून टाकतो. ती रक्ताची तपासणी फक्त एवढेच सांगते की ग्रंथी काम किती करते. तिच्यात गाठ कसली आहे हे ती सांगत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये हे आकडे बहुधा नॉर्मलच असतात. आमच्या कारखान्यातले उदाहरण द्यायचे तर मोटर बरोबर फिरते म्हणजे बेडला तडा नाही असे होत नाही.

तीन महिन्यांत सुपारीचा आवळा झाला. मग एका खासगी नर्सिंग होममध्ये गेलो. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तिथल्या सर्जनने बोटांनी गाठ चाचपली आणि म्हणाले, "काढून टाकू. ३५,००० रुपये. परवा दाखल करा." मला तो माणूस फार आवडला. झटपट निर्णय, तारीख नक्की, आणि कॅन्सर हा शब्द तोंडातून काढला नाही. मी पतसंस्थेतून कर्ज उचलले, एक शेळी विकली आणि १०,००० रुपये आगाऊ भरून पावती घेतली.

त्याच संध्याकाळी माझ्या चुलत बहिणीची मुलगी घरी आली. ती पुण्यात नर्स आहे. मामीला भेटायला म्हणून आलेली. तिने कागद मागितले. मी पावती दाखवली.

"मामा, सोनोग्राफी कुठंय?"

"नाही सांगितली."

"सुईची तपासणी?"

"तीपण नाही. तसंही सुई लावली की गाठ चिडते म्हणतात. आपल्या गल्लीत एकाला सुई लावली अन् सहा महिन्यांत गेला."

"मामा, तो गेला त्याच्या आजारानं, सुईनं नाही. मला एवढंच सांगा, मामीच्या गळ्यातली गाठ कसली आहे, हे कुणी बघितलंय का?"

मला राग आला. काल शाळेत जाणारी पोर आज मला शिकवते. मी म्हणालो, "काढल्यावर कळेलच की." ती काही बोलली नाही, मामीच्या पाया पडली आणि निघाली. पण रात्री मला झोप आली नाही. तीस वर्षे मी लेथवर उभा आहे. ड्रॉइंग हातात आल्याशिवाय, माल कुठला आहे हे पाहिल्याशिवाय आणि व्हर्नियर लावल्याशिवाय मी कधी टूल टेकवले नाही. ज्याने टेकवले त्याचा जॉब स्क्रॅपच्या पेटीत गेलेला पाहिला आहे. आणि बायकोच्या गळ्याला मात्र मी मोजमाप न करता टूल लावायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी मी आगाऊ दिलेले पैसे मागायला गेलो. ६,००० परत मिळाले. बाकीचे सोडून दिले.

भाचीने पुण्यात सोनोग्राफी करवून घेतली. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, आत चुन्याचे बारीक कण होते, आणि गाठ रुंदीपेक्षा उंच होती. ही तिन्ही लक्षणे संशयाची समजतात. मग सुईची तपासणी. पत्नी भीतीने गारठली होती. मी बाहेर उभा. पाच मिनिटांत ती बाहेर आली आणि म्हणाली, "एवढंच? बाळंतपणात याच्यापेक्षा जाड सुया टोचल्या." सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षाही बारीक असते, गाठीतल्या पेशी ओढून काचेच्या पट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या अहवालाचे सहा वर्ग आहेत. अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी २००७ साली तज्ज्ञांची बैठक झाली, तिच्यावरून त्या पद्धतीला बेथेस्डा म्हणतात. पहिला वर्ग म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा करा. दुसरा म्हणजे निरुपद्रवी. असे वाढत वाढत सहावा म्हणजे कॅन्सर. बहुतेक गाठी दुसऱ्या वर्गात निघतात, त्यांना कापायचीही गरज नसते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गळ्याला गाठ दिसली की आपल्या बाया जेवण सोडतात. आमच्या कागदावर मात्र सहा लिहिले होते. पॅपिलरी कॅन्सर.

त्या दिवशी येताना बसमध्ये आम्ही दोघे बोललो नाही. वाघोली गेली, लोणीकंद गेले, कोरेगावला भीमेचा पूल ओलांडला. तेव्हा ती म्हणाली, "अहो, उद्या मेथी आणायची का नको?" मी म्हणालो, "आण."

भाचीने आम्हाला परळला टाटा हॉस्पिटलला पाठवले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने हे रुग्णालय १९४१ साली सुरू केले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. जाताना तिने एकच ताकीद दिली, "मामा, कागदाबरोबर स्लाइडी घेऊन जा." म्हणजे सुईच्या तपासणीच्या काचपट्ट्या. तिथले डॉक्टर बाहेरच्या कागदावर नुसता विश्वास ठेवत नाहीत, पट्ट्या स्वतः पुन्हा पाहतात. आमच्या शेजारी विदर्भातला एक भाऊ होता, तो फक्त कागद घेऊन आला होता. बिचाऱ्याला पट्ट्यांसाठी गावी परत जावे लागले. तेव्हा जो कुणी जाईल त्याने पट्ट्या रुमालात गुंडाळून, डब्यात घालून न्याव्यात.

मुक्काम दादरला संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मिळाला. मी शाळा फार शिकलो नाही, पण तिथल्या व्हरांड्यात देशभरातल्या माणसांच्या तोंडून जेवढे शिकलो तेवढे पुस्तकात नसावे. कुणाचा जबडा, कुणाचे आतडे, कुणाचे लहान मूल. आमचा गळ्याचा आजार त्यांच्यात सौम्य समजला जाई. एक आजी पत्नीला म्हणाली, "तुझं नशीब चांगलं, तुझा तर थायरॉइडचा." पत्नीला हसावे की रडावे कळेना.

आता माझ्या मूर्खपणाची दुसरी गोष्ट. तिथल्या तपासण्या सुरू झाल्या आणि संपेनात. पुन्हा मानेची सोनोग्राफी. स्वरयंत्राची तपासणी. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट. प्रत्येक कामासाठी वेगळी खिडकी, वेगळी तारीख. माझी बिनपगारी रजा चालू होती. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला. मी तिथल्या तरुण डॉक्टरांवर ओरडलो, "कॅन्सर आहे हे तुम्हीच सांगता आणि ऑपरेशन महिन्यावर टाकता? श्रीमंताची बायको असती तर असं केलं असतं का?"

त्या पोराने, पोरच ते, माझ्या मुलीहून पाच-सहा वर्षांनी मोठे, मला खुर्चीवर बसवले आणि एका कागदाच्या मागे पेनने गळा काढला. मधे श्वासनळी. तिच्यावर फुलपाखरासारखी थायरॉइड. फुलपाखराच्या पाठीमागे दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन बारीक रेषा. "काका, या आवाजाच्या नसा. दोऱ्याएवढ्या असतात. आणि हे चार ठिपके मसुराच्या दाण्याएवढे, यांना पॅराथायरॉइड म्हणतात. शरीरातलं कॅल्शियम हे सांभाळतात. हे सगळं वाचवून मला थायरॉइड काढायची आहे. पॅपिलरी कॅन्सर सहसा सावकाश वाढतो. तीन-चार आठवड्यांनी बहुधा काही बिघडत नाही. न बघता आत गेलो तर मात्र बिघडतं. काकूंचा आवाज अचानक बसला किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबू नका, त्याच दिवशी या."

मी खाली मान घालून तो कागद घेतला. अजून आमच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

मग त्याने एकेक तपासणी का, ते सांगितले. सोनोग्राफी पुन्हा केली कारण पुण्याला फक्त गाठ पाहिली होती, संपूर्ण मान पाहिली नव्हती. हा कॅन्सर मानेतल्या बाजूच्या लसिकाग्रंथींमध्ये उतरतो, आणि त्या ग्रंथी बोटाला लागतीलच असे नाही. पत्नीच्या मानेत डाव्या बाजूला अशा दोन सापडल्या. त्यांनाही सुई लावली. त्या कॅन्सरच्याच निघाल्या. म्हणजे त्या नर्सिंग होममध्ये नुसती गाठ काढली असती तर या दोन तशाच राहिल्या असत्या. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा गळा उघडावा लागला असता, तोही जुन्या जखमेच्या चिकटलेल्या मांसातून, जिथे ती दोऱ्याएवढी नस ओळखणेसुद्धा अवघड. ३५,००० रुपये देऊन आम्ही हे विकत घेणार होतो.

स्वरयंत्राच्या तपासणीत नाकातून एक बारीक दुर्बीण घालतात आणि रुग्णाला "ईऽऽ" म्हणायला लावतात. स्वरतंतू दोन्ही बाजूंनी हलतात का ते पाहतात. मी विचारले, हिचा आवाज तर खणखणीत आहे, मग हे कशाला? तर आवाज चांगला असूनही एक तंतू निकामी असू शकतो, दुसरा त्याचे काम सांभाळून घेतो. आणि ऑपरेशनमध्ये त्या दुसऱ्याच्याच नसेला धक्का लागला तर आवाजच काय, श्वासही अडतो. शिवाय एका बाजूचा तंतू आधीच बंद असेल तर कॅन्सर नसेत शिरला असावा असा संशय घेऊन डॉक्टर पुढची आखणी बदलतात. पत्नीचे दोन्ही तंतू व्यवस्थित हलत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मावशी, काम काय करता?" ती म्हणाली, "ओरडते." मग सगळा खुलासा करावा लागला. तो त्यांनी फाईलवर लिहून ठेवला.

घराण्याची चौकशीही झाली. आईला, भावाला, कुणाला गळ्याची गाठ होती का? थायरॉइड कॅन्सरचा मेड्युलरी नावाचा एक प्रकार घराण्यातून उतरतो. तो असला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही आधी तपासाव्या लागतात, कारण तिथे गाठ असेल तर भुलेखाली रक्तदाब एकदम भडकतो. लहानपणी गळ्याला किरण दिले होते का, हेही विचारले. मला तो प्रश्न विचित्र वाटला. मुलीने नंतर वाचून सांगितले की २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, तिथून गाईच्या दुधात आले आणि दूध पिणाऱ्या कितीतरी मुलांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात असले काही नाही, एवढे समाधान.

सीटी स्कॅनच्या आधीही थांबून विचार झाला. रंगद्रव टोचले तर त्यातही आयोडीन असते आणि पुढे किरणोत्सारी आयोडीनचे उपचार द्यायचे झाले तर काही आठवडे थांबावे लागते. पण पत्नीची गाठ श्वासनळीला खेटून होती, म्हणून ते करावे असे ठरले. असा हिशोब.

सगळ्यात गंमत भूल देणाऱ्या बाईंकडे झाली. त्या म्हणाल्या, "तोंड उघडा. अजून. मावशी, मिसरी लावता ना?" पत्नीने माझ्याकडे पाहिले. चोवीस वर्षांच्या संसारात मला पत्ता नव्हता! माझ्या आईला मात्र माहीत होते, कारण दोघी एकाच डबीतून लावत होत्या. बाई हसल्या नाहीत. मिसरी-तंबाखूने तोंड आखडते, नळी घालायला त्रास होतो, आणि थायरॉइडच्या गाठीने श्वासनळी दाबली किंवा सरकली असेल तर तो त्रास दुप्पट. तोंड तीन बोटे उघडते का, मान मागे किती जाते, दात हलतात का, सारे त्यांनी पाहिले. मिसरी त्या दिवसापासून बंद. माझी तंबाखूही, कारण मग तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

हिमोग्लोबिन ८.४ निघाले. भाजी विकणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नाही, हे ऐकून मला लाज वाटली. पालक-मेथी उरली तर घरी, नाहीतर चटणी-भाकर, हा तिचा रोजचा बेत मी पाहत आलो होतो आणि पाहत नव्हतो. लोहाची औषधे सुरू झाली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आधीच मोजून ठेवले, म्हणजे ऑपरेशननंतर ते चार मसूर रुसले तर किती उतरले हे कळते.

पैशाचे सांगतो. आमचे रेशनकार्ड केशरी. २०१२ साली राज्यात राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झाली. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मर्यादा होती, आता ती ५ लाखांवर गेली आहे. तिच्यातून ऑपरेशन झाले. पण मंजुरीला आजाराचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा सुईचा अहवाल आलाच. सुरुवातीच्या तपासण्या आणि मुंबईचे जाणे-येणे आमच्या खिशातून गेले. शेळीचे पैसे शेवटी तिथेच कामाला आले.

मुंबईला ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या रात्री एक गोष्ट झाली. संमतीच्या कागदावर आवाज बसू शकतो असे लिहिलेले मुलीने वाचले होते. तिने मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, "आई, एकदा हाळी दे." पत्नी म्हणाली, "घरात? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "दे गं, पोर म्हणती तर." आणि तिने दिली. शेजारचे दार उघडून बाहेर आले.

ऑपरेशन जून २०१८ मध्ये झाले. साडेपाच तास. संपूर्ण थायरॉइड आणि डाव्या बाजूच्या ग्रंथी एकाच वेळी काढल्या. एमिल कोचर नावाच्या स्विस सर्जनला थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ साली नोबेल मिळाले, पण पूर्ण ग्रंथी काढलेले त्याचे रुग्ण पुढे सुजत, मंद होत, हे त्याच्याच लक्षात आले होते. तेव्हा द्यायला गोळी नव्हती. आता आहे. पत्नी रोज सकाळी उपाशीपोटी ती घेते, जन्मभर घ्यायची आहे.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, "मावशी, नाव सांगा." तिने घोगऱ्या आवाजात मला विचारले, "शेळीला पाणी कोण घालतंय?" शेळी विकली होती हे ती विसरली होती. मी म्हणालो, "आई घालतीय."

पुढे काही दिवस ओठांना मुंग्या यायच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनी त्या गेल्या. नंतर टाटाच्याच ॲनेक्स इमारतीतल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे १९६३ पासून आहे, तिला किरणोत्सारी आयोडीन दिले आणि काही दिवस एकटीला खोलीत ठेवले. तिथे ती पहिल्यांदा आयुष्यात दुपारची झोपली, असे सांगते.

आवाज परत आला, पण सगळा नाही. बोलणे पूर्वीसारखे आहे, भांडणही. फक्त वरचा सूर लागत नाही. हाळी फाट्यापर्यंत सोडा, पलीकडच्या टपरीपर्यंतही जात नाही. म्हणून मुलीने हातगाडीला बॅटरीचा भोंगा बसवला आणि त्या रात्री मोबाईलवर घेतलेली हाळी त्यात भरली. आता शिक्रापूरच्या चौकात दिवसभर २०१८ चा आवाज ओरडतो, "मेथीऽऽ, शेपूऽऽ, कोथिंबीऽऽर, दहाला जुडीऽऽ!" आणि पत्नी शेजारी बसून जुड्या सोडवते. अडचण एवढीच की मेथीची जुडी आता दहाला परवडत नाही. गिऱ्हाईक भोंग्याकडे बोट दाखवून हुज्जत घालते, आणि ती म्हणते, "ती बाई वेगळी होती, तिच्याकडून घ्या."